रिकाम्या दिवसाची मडकी

मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी टाळी वाजवायचे. चप्पल काढायची, उंबरा ओलांडायचा आणि खोलीच्या मधोमध उभे राहून एकच टाळी. मग मान थोडी तिरपी करून ऐकत राहायचे. घरातली माणसे पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी. "ह्या खोलीला पडसं झालंय," असे काहीतरी म्हणायचे, किंवा "बरी हाय, पण लय बडबडी हाय."

एकदा ओळखीच्या एका साहेबांच्या नव्या घरी जेवायला गेलो होतो. खालपासून वरपर्यंत भिंतींना चकचकीत फरशी. मिस्त्रींनी टाळी वाजवली आणि साहेबांना विचारले, "नवरा-बायकोत भांडणं व्हायलीत का?" साहेब गोरेमोरे झाले. मिस्त्रींचे म्हणणे असे की अशा खोलीत साधे बोलणेही ओरडल्यासारखे होते, मग समोरचाही ओरडतो. "तुमचा दोष न्हाई बाप्पा, भिंतीचा हाय," त्यांनी समजूत घातली. परत येताना मिस्त्रींच्या बायको, ज्यांना मी मामी म्हणत असे, एवढेच म्हणाल्या, "झालं. आता ह्या दारात परत कोण बोलावतंय आपल्याला."

मिस्त्री गवंडी होते आणि परभणीत मी ज्या खोलीत राहून बी.ए. झाले त्या खोलीचे मालक होते. ते गेले तेव्हा त्यांच्यावर कुणी काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे नाव त्यांच्याकडे नव्हतेच. त्यांनी बांधलेल्या एकाही इमारतीवर त्यांच्या नावाची पाटी नाही. देणगीदारांच्या आहेत. पण मी आज चाळीस मुलांसमोर उभी राहून शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचवते ते त्यांच्यामुळे, म्हणून मीच लिहिते आहे.

आमचे गाव बोरीच्या पुढे. वडील बोरीच्या जिनिंगमध्ये कामाला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. खोली बघायला वडील आणि मी आलो. वडील भिंतीची ओल आणि दाराची कडी तपासत होते. मिस्त्रींनी मला नाव विचारले. मी सांगितले. म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितले. मग ते वडिलांकडे वळले.

"पाहुणे, लेकरू हुशार हाय का?"

"हाय की. बारावीला शाळेत पहिली."

"मग हिचं नाव हिच्या वठापासून हितवर पण कामून येईना?"

वडील हसले. मला मात्र रडू येत होते. खोली पक्की झाली.

मी पुस्तक पुटपुटत वाचायचे. घरी एकच खोली, धाकटी भावंडे झोपलेली, तेव्हापासूनची ती सवय. एका सकाळी मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. "तू वाचायलीस का चोरायलीस?" त्या दिवसापासून रोज अर्धा तास त्यांनी मला ओट्यावर उभे केले. स्वतः गल्लीच्या टोकाला घमेले पालथे घालून त्यावर बसायचे. मी इतिहासाचे पुस्तक वाचायचे. एखादा शब्द पोचला नाही की त्यांचा हात वर. मी मोठ्याने ओरडले तरी हात वर.

"ओरडू नको. ओरडलं की नुसता गलका येतो. शब्दाचं शेपूट खाऊ नको, सगळा शब्द बाहेर सोड."

गल्लीतली माणसे जाता-येता थांबायची. समोरचे पानवाले काका म्हणायचे, "मिस्त्री, पोरीला निवडणुकीला उभी करायलाव का?"

"करतो की. तुमच्या वॉर्डातून करतो."

पहिल्या वर्षाच्या शेवटी कॉलेजात मला एका विषयावर बोलायचे होते. मी बोलले. मागच्या रांगेतली मुले नेहमी बोलणाऱ्याची टिंगल करत, ती त्या दिवशी गप्प होती. घरी येऊन मी हे सांगितले तर मिस्त्री म्हणाले, "मग? गप बसली म्हंजे ऐकू आलं." याहून जास्त कौतुक त्यांनी माझे कधी केले नाही.

हे वेड त्यांना लागले ते गाण्यामुळे. तरुणपणी ते एका गायन पार्टीत मागे साथीला गात असत. पार्टी गावोगाव जायची. व्यसन सोडा, पोरी शिकवा, अंगात येणाऱ्यांच्या नादी लागू नका, अशी गाणी. त्यातली चार-पाच मिस्त्रींनी स्वतः रचलेली होती. भानामतीवर एक गाणे होते, त्यात देवऋषी आपल्याच म्हशीचे दूध आटल्यावर गुपचूप डॉक्टर आणतो. ते गाणे मामींनाही पाठ होते. एका गावात कार्यक्रम सुरू असताना भोंगा बंद पडला. पार्टी तशीच गात राहिली. मिस्त्रींना दिसले की पुढच्या तीन रांगा डोलत आहेत आणि मागे बसलेल्या बायका एकेक करून उठून चालल्या आहेत. त्यांच्यापर्यंत शब्दच पोचत नव्हते.

"गाणं कुणासाठी व्हतं? बायासाठी," मिस्त्री मला सांगायचे. "अन् बाया कुठं? मागं. पुढं पुढारी. सगळीकडं असंच बसत्यात. मग मी म्हणलं, आपल्या हातात थापी हाय. अशी जागा बांधू की मागचीला ऐकू येईल, बिगर भोंग्याचं."

चुन्याचे काम त्यांना एका उस्तादांनी शिकवले होते. उस्ताद जुन्या बारवा आणि दर्गे दुरुस्त करत फिरायचे. "दीवार कू सुनने दो मियाँ, तुम नक्को बोलो," असे ते म्हणायचे म्हणे. त्या उस्तादांनीच त्यांना एका पडक्या इमारतीच्या भिंतीत बसवलेली मातीची मडकी दाखवली होती. मिस्त्रींनी ती गोष्ट पंचवीस वर्षे मनात ठेवली.

मी शेवटच्या वर्षाला असताना पेडगावच्या आतल्या बाजूच्या एका गावात विहार बांधायचे काम त्यांच्याकडे आले. गावच्या समितीचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी होते. सरळ माणूस, बोलणे मोजून-मापून. मिस्त्रींनी आयुष्यात एवढे मन लावून दुसरे काम केले नसेल. रविवारी ते मामींना आणि मला सोबत न्यायचे. मामी भाकरी बांधून घ्यायच्या आणि वाटेत कुरकुर करायच्या, "लग्नात माझं तोंड बघितलं न्हाई ह्यांनी, हाक ऐकली. दोन शेतं ओलांडून जायची माझी हाक. तवापासून भोगायलेय."

भिंती उभ्या राहिल्या होत्या, छत पडले होते, आत कोणी नव्हते. मी पुढे उभी राहून वाचायचे आणि माझाच आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. एका शब्दावर दुसरा चढायचा. मिस्त्रींनी भिंतींत ठिकठिकाणी मडकी बसवली. तोंड आतल्या बाजूला, रुपयाएवढे भोक तेवढे उघडे. मग मला वाचायला लावून ते एकेका मडक्यात मूठ-मूठ राख घालायचे, मागे जाऊन ऐकायचे, परत येऊन थोडी काढायचे.

"रिकामं मडकं घुमतं," ते म्हणाले. "राख घातली की ते घुमत न्हाई, उलट भिंतीचा जादा आवाज गिळून बसतं."

होता होता एका रविवारी माझा आवाज परत आला नाही. मामी मागच्या भिंतीला टेकून भाकरी सोडत होत्या. मी हळूच म्हणाले, "मामी, ठेचा आणलाय का?" त्या म्हणाल्या, "आणलाय की." आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत राहिलो.

मडक्यांच्या तोंडांवर त्यांनी पातळ कापड चिकटवले आणि वरून हलका चुना दिला. भिंत भिंतीसारखी दिसू लागली. समितीला काही सांगितले नाही. मी म्हटले, "मामा, गुरुजींना सांगा तरी." तर म्हणाले, "आधी सांगितलं तर लोक मडकं ऐकत्यात, माणूस न्हाई." हा त्यांचा हट्ट. तो त्यांना फार महाग पडला.

उद्घाटनाला महिना असताना कोणीतरी साउंडचे डबे देणगी दिले. ते लावायला वायरमनने भिंतीत ड्रिल घातले. ड्रिल एकदम आत गेले आणि त्याच्या तोंडावर भसकन राख आली. त्याने पक्कड घेऊन भोक मोठे केले, तर आत मडके. दुसरीकडे ठोकून पाहिले, तिथेही मडके. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की मिस्त्रीने विहाराच्या भिंतीत राखेची मडकी पुरली आहेत.

ज्या गावाने बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या, ज्याच्या आयाबायांनी घरातले देवांचे टाक नदीत सोडले, त्या गावाला याचा एकच अर्थ लागला. मिस्त्रींना बोलावणे आले. मामी आणि मीही सोबत गेलो. समितीतला एक तरुण उभा राहिला. त्याला खरेच दुःख झाले होते.

"मिस्त्री, तुमी गाण्यात भानामतीवाल्यांची टिंगल करता, अन् आमच्याच विहारात भानामती करता? राख कुणाची हाय ती?"

"माझ्या चुलीची," मामी मागून म्हणाल्या.

"मामी, तुमी मधी बोलू नका."

गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवले. "मिस्त्री, मला फक्त कारण सांगा."

मिस्त्रींचा चेहरा राखेसारखाच झाला होता. आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध गायले तेच त्यांच्या नावाला चिकटवले जात होते. त्यांनी दोन वाक्यांत सांगितले की मडकी आवाजासाठी आहेत. कोणीतरी हसले. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "मग परीक्षा घ्या. येत्या पौर्णिमेला. सगळ्या गावाला बोलवा. फरक पडला न्हाई तर मडकी फोडा."

पौर्णिमेला सगळे गाव आले. शेजारच्या गावांतूनही माणसे आली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांत पोरे लोंबकळत होती. वाचायला मीच उभी राहिले, कारण माझ्या आवाजावरच तर सगळे जुळवलेले होते. मागच्या भिंतीजवळ गयाबाईंना बसवले. त्या गावातल्या सर्वांत वयस्कर बाई, कानाने थोड्या मंद, मिस्त्रींवर त्यांची फार माया. आधी मडक्यांवरचे कापड काढून, तोंडे उघडी ठेवून मी एक उतारा वाचला. मग सगळ्या तोंडांत ओल्या चिंध्या कोंबल्या आणि तेवढ्याच आवाजात दुसरा वाचला.

गुरुजींनी विचारले, "गयाबाई, काय वाटलं?"

गयाबाईंनी मिस्त्रींकडे पाहिले. त्यांना खोटे बोलायचे होते हे मला दिसत होते. पण त्या बोलल्या नाहीत खोटे. "दोन्ही येळेला सारखंच की वो. दोन्ही येळेला आलं ऐकू."

आणखी पाच-सहा जणांना विचारले. सगळे तेच म्हणाले. मिस्त्री उठले. "बाईनं खरं सांगितलं. फरक न्हाई," एवढे म्हणून ते बाहेर गेले. दुसऱ्या आठवड्यात, सगळ्या भिंती उकरायला नकोत म्हणून, मडक्यांची तोंडे सिमेंटने बुजवली. त्या ठोकाठोकीत काही मडकी फुटली.

त्यानंतर मिस्त्रींना कोणत्याही गावाने विहाराच्या कामाला बोलावले नाही. 'मडकेवाला मिस्त्री' हे नाव मात्र सगळीकडे पोचले. गायन पार्टीतल्या नव्या पोरांनी भानामतीचे गाणे गायचे सोडले, कारण ते गाणे सुरू झाले की लोक वेगळेच हसायचे. मिस्त्रींनी टाळी वाजवायचे बंद केले. मामी एकदा मला म्हणाल्या, "कुणाच्या घरी गेलो तर गप बसून राहत्यात गं. च्या पेत्यात अन् उठत्यात. शहाण्या माणसावानी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मला तर जन्माचे लागले होते. ते हरले होते माझ्या आवाजाने.

मी बी.एड. केले. पूर्णेजवळच्या एका शाळेत लागले. मध्ये सात-आठ वर्षे गेली. एका सुट्टीत काही कागद न्यायला शाळेत गेले. रोज ज्या वर्गात शिकवते तो उघडला आणि दारातूनच शिपाईमामांना हाक मारली. माझी हाक भिंतीवर आपटून माझ्याच अंगावर आली. मी दचकले. हाच वर्ग, हाच आवाज, रोज कधी असे होत नाही. मी परत हाक मारली. परत तसेच. मग मी रिकाम्या बाकांकडे बघत उभी राहिले आणि मला पौर्णिमेचा दिवस दिसला. पाय ठेवायला जागा नसलेला विहार. माणसांची अंगे, लुगडी, शाली, खिडकीतली पोरे. सगळा जादा आवाज माणसांनीच गिळला होता. मडक्यांना त्या दिवशी कामच उरले नव्हते.

कागद तिथेच ठेवून मी परभणीची गाडी पकडली. मिस्त्री ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी धापा टाकत सगळे सांगितले. त्यांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"मला त्याच दिवशी कळलं व्हतं. मी भाईर उभा व्हतो, लोक निघाले तसा आतला आवाज बदलायला लागला."

"मग सांगितलं का नाही?"

"परीक्षा म्याच मागितली व्हती. सगळ्या गावाला बोलवा म्हणणारा बी मीच. नापास झाल्यावर पेपर चुकीचा व्हता म्हणायचं का?" मग दुसरी पाकळी उचलून म्हणाले, "भरलेल्या विहाराला काय लागत न्हाई गं. वर्षातून चार दिवस भरतो तो. बाकीचे दिवस पाच बाया येऊन बसत्यात. मडकी त्या दिवसांची व्हती."

मी त्यांना चला म्हटले. ते आले नाहीत. मग मी एकटीच गुरुजींकडे गेले. म्हटले, परीक्षा परत घ्यायची, पण साध्या दिवशी. गुरुजींनी मला बसायला सांगितले. मग म्हणाले, "गयाबाई रोज येतात. मी पुस्तक वाचून दाखवतो. त्या म्हणतात, गुरुजी, तुमी तोंडात गूळ धरून वाचायलाव. मला वाटलं, माझे दात गेले म्हणून असेल."

एका मंगळवारी संध्याकाळी सात बायका होत्या. गुरुजींनी आधी वाचले. गयाबाई म्हणाल्या, "रोजच्यासारखंच. गूळ." मग त्याच तरुणाने, जो आता समितीचा सचिव होता, स्वतः छिन्नी घेऊन मडक्यांच्या तोंडांतले सिमेंट फोडले. रात्र होत आली तेव्हा दोन बाजूंच्या भिंती मोकळ्या झाल्या. गुरुजींनी तेच पान परत वाचले. चार ओळी झाल्यावर गयाबाईंनी मांडीवर हात मारला. "अगं माय! हे आसं व्हतं व्हय ते? मला वाटायचं कायतरी दुसरंच हाय."

सचिव छिन्नी हातात धरून खाली बसला. गुरुजींनी पुस्तक मिटले.

पुढच्या आठवड्यात गुरुजी परभणीला मिस्त्रींच्या घरी आले. हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली. मिस्त्रींनी त्यांना थांबवले. "च्या घ्या. पण हितं नका म्हणू, गुरुजी. नाव तिथं गेलं, तिथंच म्हणा. पौर्णिमेला न्हाई. साध्या दिवशी. अन् भोंगा लावायचा न्हाई."

आधी ते स्वतः जाऊन फुटलेल्या मडक्यांच्या जागी नवी बसवून आले. पंधरा दिवस लागले. मामी चुलीची राख डब्यात भरून देत होत्या.

त्या दिवशी विहारात नऊ-दहा माणसे असतील. गयाबाई, त्यांच्या सोबतच्या बायका, सचिव, मामी. मी दाराजवळ उभी होते. मिस्त्री मागच्या भिंतीला पाठ लावून गयाबाईंशेजारी बसले. गुरुजी पुढे मूर्तीच्या बाजूला उभे राहिले आणि शेजारच्या माणसाशी बोलावे तितक्या हळू म्हणाले, "मिस्त्रींनी इथं भानामती केली नव्हती. आम्ही न समजता त्यांचं नाव खराब केलं. चूक आमची आहे."

मला शब्द न शब्द कळला. सगळ्या बायकांनी माना वळवून मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींनी कानामागे हात धरला.

"ऐकू आलं न्हाई, गुरुजी."

बायका हसायला लागल्या. गयाबाई म्हणाल्या, "अवो मिस्त्री, मला बहिरीला ऐकू आलं की!"

"तुमाला आलं असंल. मला न्हाई आलं."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला आणि तीच तीन वाक्ये, आवाज जराही न चढवता, पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.